मरवा: लावायचा कसा, पावसाळ्यात जगवायचा कसा आणि जेवणात आणायचा कसा

मोगऱ्याच्या गजऱ्यात मधूनमधून हिरव्या-करड्या पाल्याच्या लहान काड्या गुंफलेल्या असतात, तो मरवा. गणपतीच्या एकवीस पत्रींत मरुबक म्हणून ज्याचं नाव येतं, तोही हाच. आणि मोठ्या दुकानात पिझ्झाच्या सामानाशेजारी 'मार्जोरम' अशी चिठ्ठी लावलेली छोटीशी बाटली असते, तिच्यात वाळलेला असतो तोही मरवाच. आपण तो माळला, देवाला वाहिला, कपड्यांच्या घडीत ठेवला. पण आपल्या बहुतेक घरांत तो कधी फोडणीच्या कढईपर्यंत पोचला नाही. मला त्याची फार हळहळ वाटते, कारण कुंडीत वाढणाऱ्या सुगंधी पाल्यांमध्ये जेवणाला इतकी मऊ, गोडसर चव देणारा दुसरा पाला मला तरी माहीत नाही.

गेली काही वर्षं पुण्यात गच्चीवर मी मरवा वाढवते आहे. पहिली तीन झाडं हातची गेली, त्यानंतर गणित जमलं. ते सगळं इथे सविस्तर लिहिते.

आधी ओळख पटवून घ्या

मरव्याचं शास्त्रीय नाव ओरिगॅनम माजोराना. तुळस आणि पुदिना ज्या कुळातले, त्याच कुळातला. मूळचा सायप्रस आणि दक्षिण तुर्कस्तानाकडचा, म्हणजे खडकाळ उतार, चुनखडीची जमीन, कोरडा उन्हाळा आणि पाऊस पडला तरी क्षणात निथळून जाणारी माती, अशा ठिकाणचा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची निम्मी काळजी आपोआप समजते.

झाड फूट-दीड फूट, फार तर दोन फूट उंच होतं. पानं लंबगोल, नखाएवढी, दोन्ही बाजूंनी बारीक मखमली लव असलेली. त्या लवेमुळेच ती करडी दिसतात. कोवळी काडी चौकोनी असते. फुलायच्या आधी शेंड्याला हिरव्या मण्यांसारख्या गाठी येतात आणि त्यांतून अगदी बारीक पांढरी किंवा फिकट गुलाबी फुलं डोकावतात.

नावांचा गोंधळ मात्र बराच आहे. दवणा वेगळा: त्याची पानं चिरलेली, झालरीसारखी असतात आणि वास जास्त उग्र. उत्तरेकडे 'मरुआ' म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा तुळशीच्या जातीचं झाड असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याचं बी पाण्यात टाकलं की सब्जासारखं फुगतं. मरव्याचं फुगत नाही. पिझ्झावरचं ऑरेगॅनो हा मरव्याचा सख्खा चुलतभाऊ, पण स्वभावाने तिखट. ऑरेगॅनो जिभेला ओव्यासारखा चावतो. मरवा चावत नाही. आधी गोडसर लागतो आणि मागून किंचित कडवट, राळेसारखी झाक येते.

रोप आणताना

नर्सरीत मरव्याचं रोप सहज मिळतं, कारण गजऱ्यासाठी आणि पूजेसाठी त्याला कायम मागणी असते. पण तिथे ते खाण्यासाठी वाढवलेलं नसतं, त्यावर फवारणी झालेली असू शकते. म्हणून मी एक नियम पाळते: आणलेलं रोप घरी लावलं की त्याच्यासोबत आलेला पाला खायचा नाही, महिनाभर थांबायचं आणि त्यानंतर फुटलेलाच नवा पाला जेवणात घालायचा. फूलबाजारातल्या जुड्यांबद्दलही तेच. त्यांतल्या काड्या रुजवायला घ्या, खायला नको.

रोप निवडताना उंच, फुललेलं घेऊ नका. बुटकं आणि बुंध्यातून पाच-सहा फांद्या फुटलेलं बघा. कुंडी किंचित तिरकी करून मातीचा वास घ्या. आंबूस वास आला तर मुळं आधीच कुजायला लागलेली असतात.

माती आणि कुंडी

आपल्याकडची काळी माती मरव्याला मानवत नाही. ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगा पडून बारीक मुळं तुटतात. कोकणातली तांबडी जांभ्याची माती निचऱ्याला बरी, पण आम्लधर्मी असते. मरव्याला ६.५ ते ७.५ सामूची, म्हणजे उदासीन किंवा किंचित चुनखडीकडे झुकणारी माती आवडते. कोकणात आठ-दहा इंची कुंडीमागे चहाचा सपाट चमचाभर चुन्याची भुकटी मातीत नीट कालवून आठवडाभर ठेवा, मग रोप लावा.

माझं मिश्रण असं: दोन वाटे बागेची भुसभुशीत माती, दोन वाटे जाड वाळू (चाळणीवर राहते ती, चाळून खाली पडलेली बारीक नव्हे) आणि एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कोकोपीट जवळजवळ घालतच नाही. तुळशीला, मिरचीला ते चांगलं. मरव्याच्या मुळांभोवती मात्र ओल धरून बसतं. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला आणि तसाच राहिला तर वाळू कमी आहे. वळून लगेच ढासळला तर झकास.

कुंडी मातीची, न रंगवलेली घ्या. तिच्या भिंतींतूनही ओल उडते, प्लॅस्टिकमधून उडत नाही. आठ ते दहा इंच रुंदी एका झाडाला पुरते. फार मोठी कुंडी नको, कारण मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. तळाला किमान तीन भोकं हवीत आणि कुंडी विटांच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा. खाली ताटली ठेवत असाल तर पाणी दिल्यावर ती रिकामी करा. जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंच वाफा करून दोन झाडांत फूटभर अंतर सोडा.

बी की काडी?

दोन्ही जमतं, पण मी काडीच्या बाजूची आहे. मरव्याचं बी राईपेक्षाही पुष्कळ बारीक असतं, उगवायला वेळ घेतं आणि कोवळी रोपं पटकन मर लागून कोलमडतात. तरीही बी लावायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ धरा, २० अंशांच्या आसपास ते चांगलं रुजतं. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून पसरट कुंडीत भुरभुरवा. वर माती घालू नका, उजेड लागतो त्याला. नुसतं तळहाताने हलकेच दाबा. पाणी झारीने नको, फवाऱ्याने. आठवडा-दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांनी हिरवे ठिपके दिसतील. दाटी झाली की कात्रीने विरळणी करा, उपटू नका. रोपं दोन-अडीच इंच झाली की वेगळी लावा.

काडीचं असं:

१. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात, न फुललेली कोवळी पण ताठ फांदी निवडा. मोडली तर कट्कन तुटावी, लोंबकळू नये.

२. चार इंचांची काडी पेराच्या लगेच खाली धारदार कात्रीने कापा. मुळं पेरातूनच फुटतात.

३. खालच्या निम्म्या भागातली पानं काढून टाका. शेंडा खुडा.

४. निम्मी वाळू आणि निम्मी माती भरलेल्या कपात पेन्सिलीने भोक पाडून काडी खोचा आणि बाजूने माती दाबा. काडी भोसकून लावली तर साल सोलवटते.

५. उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी घालून झाकायचा मोह टाळा. लव असलेली पानं कोंडल्या ओलीत काळी पडतात. सकाळी एकदा हलकी फवारणी पुरते.

६. तीन आठवड्यांनी काडी अलगद ओढून पाहा. हाताला अडकली तर मुळं धरली आहेत. आणखी आठ-दहा दिवसांनी कुंडीत हलवा.

एका वेळी दहा काड्या लावा. माझ्या सहा-सात जगतात.

याहून सोपं म्हणजे दाब कलम. जुन्या झाडाची खालची लांब फांदी वाकवून शेजारच्या कुंडीतल्या मातीत दोन पेरं दाबायची, वर एक खडा ठेवायचा आणि विसरून जायचं. महिना-सव्वा महिन्याने आईपासून तोडायचं. यात फांदीला पोषण मिळत राहतं, त्यामुळे वाया जायची भीती जवळजवळ नाहीच. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगते.

पाणी, आणि पावसाळा

माझी पहिली झाडं कशी गेली ते सांगते. जुलैतला दुसरा आठवडा होता. शेंडे मलूल दिसले म्हणून मी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी मलूल, म्हणून आणखी घातलं. चौथ्या दिवशी झाड बोटांनी उचललं तर अख्खं वर आलं, मुळांसकट. आणि मुळं म्हणजे भिजलेल्या तपकिरी सुतळीसारखी, बोटात धरली की वरचं साल निसटून हातात येत होतं. मरवा तहानेने जसा मान टाकतो, अगदी तसाच तो मुळं कुजल्यावरही टाकतो. पान बघून फरक कळत नाही, माती बघूनच कळतो. म्हणून मलूल झाड दिसलं की आधी बोट मातीत, मग झारी हातात.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि द्याल तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्या. रोज घोटभर पाणी देणं सगळ्यात वाईट: वरची माती कायम ओली, खालची मुळं कोरडी. हिवाळ्यात माझ्याकडे तीन-चार दिवसांनी पाणी लागतं, एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी. पावसाळ्यात कधी कधी आठ-आठ दिवस काहीच लागत नाही. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नको.

पावसाळ्याची तयारी मेच्या शेवटच्या आठवड्यात करायची. झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग छाटून आतल्या दाट फांद्या विरळ करा, म्हणजे वारा खेळेल. मातीवर बोटभर जाडीचा बारीक खडीचा थर द्या. पावसाचे थेंब उडून चिखल पानांना लागत नाही आणि बुंधा कोरडा राहतो. मग कुंडी पागोळ्यांपासून दूर, पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्ज्याखाली हलवा. ऊन-उजेड हवाच, फक्त डोक्यावर पाऊस नको. कोकण-गोव्यात चार महिने हे कसोशीने पाळावं लागतं. मराठवाड्यात दोन सरींच्या मध्ये माती सुकते, तिथे थोडी ढिलाई चालते. आणि काहीही झालं तरी पावसाळ्याआधी तीन-चार काड्या रुजवून घरात खिडकीशी ठेवा. आईझाड गेलं तरी वंश राहतो.

ऊन, खत, कीड

रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. कमी उन्हात झाड उंच, लुकडं होतं आणि वास उतरतो. विदर्भ-मराठवाड्यात चाळीस अंशांच्या वर पारा गेला की दुपारी बारा ते चार हिरव्या जाळीची सावली करा.

खताबाबत हात आखडता ठेवा. वर्षातून दोनदा, पाऊस संपल्यावर आणि फेब्रुवारीत, कुंडीमागे मूठभर गांडूळखत पुरे. नत्र जास्त झालं की पानं मोठी, गडद, टवटवीत होतात आणि चुरडून पाहिलं तर वास नावाला. थोडं उपाशी झाडच सुगंधी असतं. युरिया तर अजिबात नको.

कीड फारशी येत नाही. उन्हाळ्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खाली कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो लाल कोळी. दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाण्याचा फवारा मारा आणि ऊन लागू द्या. शेंड्यांवर मावा दिसला तर शेंडेच खुडून टाका. पिठ्या ढेकूण असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि अर्धा चमचा पातळ साबण घोळवून संध्याकाळी फवारा. त्यानंतर आठवडाभर तो पाला खायचा नाही, आणि खाताना धुऊनच.

खुडणं हीच मशागत

झाड बोटभर उंच झालं की शेंडा खुडा. जीव तुटतो, पण खुडा. एका शेंड्याच्या जागी दोन फुटतात, ते खुडले की चार. पहिले दोन महिने असं केलं की झाड गोल, भरगच्च होतं.

काढणीची वेळ सकाळची: दव उडालेलं असावं, ऊन अजून तापलेलं नसावं. काडी पानांच्या जोडीच्या जरा वर कापा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका आणि खाली लाकूड झालेल्या, बिनपानांच्या भागापर्यंत कधीही छाटू नका. तिथून पुन्हा फूट येईलच असं नाही. चवीची कमाल असते ती शेंड्याला हिरव्या गाठी आल्यावर, पण फुलं उमलायच्या आत. त्या दोन-चार दिवसांवर लक्ष ठेवा. वाळवणासाठी मी तेव्हाच मोठी कापणी करते.

दोन-तीन वर्षांनी झाड लाकडासारखं होतं, मध्ये पोकळ पडतं. हा दोष तुमचा नाही. त्याच्याच काड्यांपासून केलेलं नवं झाड त्या जागी आणा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: मरवा हिमदव, म्हणजे गोठलेलं दव, सोसत नाही. शेवटचं हिमदव पडायच्या सहा-आठ आठवडे आधी घरात बी पेरा, हवा तापली की बाहेर काढा आणि शरद ऋतू सरता सरता कुंडी पुन्हा दक्षिणेकडच्या खिडकीत आणा.

वाळवण

पुदिना, कोथिंबीर वाळवली की बरीचशी चव हरवते. मरव्याची टिकते, किंबहुना वाळल्यावर ती गोळीबंद होते. आठ-दहा काड्यांची जुडी बांधा, पण दोऱ्याने नव्हे, रबराने. काड्या सुकून बारीक झाल्या की दोरा सैल पडतो आणि जुडी खाली येते. सावलीत, वारा येईल अशा जागी उलटी टांगा. उन्हात टाकलीत तर वास उन्हाबरोबर जाईल. आठ-दहा दिवसांत पान कुरकुरलं आणि काडी कट्कन मोडली की झालं. हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच करा. पावसाळी हवेत जुडीला आतून बुरशी धरते.

पानं ओरबाडून अख्खीच काचेच्या बरणीत भरा आणि अंधारात ठेवा. भुकटी करून ठेवू नका. वापरताना कसुरी मेथीसारखी तळहातावर चुरडून घाला. वर्षभराच्या आत संपवा.

जेवणात

मरवा खऱ्या अर्थाने खातात ते मध्य युरोपात. जर्मनीत सॉसेज आणि कलेजीच्या पदार्थांत, पोलंडमध्ये वाटाण्याच्या दाट सुपात आणि आंबवलेल्या पिठाच्या झुरेक सुपात, चेक लोकांच्या बटाट्याच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात तो असतो. इजिप्तमध्ये त्याचा काढा चहासारखा पितात. म्हणजे बटाटा, वाटाणा, लसूण, मश्रूम, अंडी, मांस ही त्याची जिवलग मंडळी, आणि ती सगळी आपल्याही घरात आहेत.

दोन गोष्टी सांभाळा. मरवा शेवटी घालायचा. त्याचा वास हलका असतो, वीस मिनिटं रटरटवला तर उडून जातो. आणि जिथे गोडा मसाला किंवा गरम मसाला राज्य करतो तिथे तो घालू नका, दोघांचंही नुकसान होतं. प्रमाण: ताजी पानं एक मोठा चमचा असतील तर वाळलेली एक लहान चमचा.

माझ्याकडे तो ऑम्लेटमध्ये जातो, लोणी-लसणात परतलेल्या मश्रूमवर, टोमॅटोच्या सारात तूप-जिऱ्याच्या फोडणीनंतर, आणि कोवळ्या मटारच्या साध्या, बिनमसाल्याच्या उसळीत. पण पहिल्यांदा करणार असाल तर चेक पद्धतीचा ब्रांबोराक, म्हणजे बटाट्याच्या किसाचं थालीपीठ, करा. अर्धा किलो कच्चे बटाटे किसा, घट्ट पिळून पाणी काढा. त्यात एक अंडं, तीन-चार मोठे चमचे गव्हाचं पीठ किंवा मैदा, ठेचलेल्या लसणाच्या चार पाकळ्या, मीठ, मिरपूड आणि दोन लहान चमचे चुरडलेला मरवा घाला. इथे मरवा आधीच पडतो, पण तो पिठात झाकलेला असतो, म्हणून वास राहतो. तव्यावर सढळ तेल सोडून थालीपिठासारखं पातळ थापा आणि दोन्ही बाजूंनी कडा तांबूस, कुरकुरीत होईपर्यंत भाजा. किस पाणी सोडतो, तेव्हा मिश्रण करून ठेवू नका; लगेच तव्यावर टाका.

स्वयंपाकातल्या प्रमाणात मरवा निर्धोक आहे. गरोदर बायकांनी त्याचे दाट काढे मात्र घेऊ नयेत, आणि बाजारातलं मरव्याचं सुगंधी तेल कुणीच पोटात घेऊ नये.

गणपतीच्या दिवसांत शेजारीपाजारी पत्रीसाठी मरवा मागायला येतात. मी काड्या देताना एक-दोन जास्त देते आणि सांगते, पूजेच्या काड्यांतून ही एक बाजूला ठेवा, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात उभी करा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. बरेचदा दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. तोवर पाऊसही ओसरू लागलेला असतो आणि कुंडी भरायला हीच वेळ बरोबर असते.